शैबाचा धुरळा : मराठा पलटणी, मृगजळ आणि वाऱ्यातल्या वाळूचे शास्त्र (थ्रेड)

१/
१४ एप्रिल १९१५. मेसोपोटेमियातील बसरा शहराच्या नैऋत्येला, शैबा नावाच्या ठाण्यापलीकडच्या उजाड माळावर ब्रिटिश-हिंदी फौज दुपारभर अडकून पडली होती. समोर बरजिसियाच्या झाडीलगत तुर्की खंदक होते. मधल्या मैदानात आडोसा नव्हता आणि सावलीही नव्हती. सेनापती माघारीचा विचार करू लागला होता. अशा वेळी मागे दूरवर धुळीचा एक लोट उठला, आणि तुर्की फळी डळमळली. ही लढाई ब्रिटिश लेखनात पुढे ‘शैबाचा चमत्कार’ या नावाने ओळखली गेली. या चमत्कारात मराठा पलटणींचा वाटा किती होता, आणि धुळीचा किती?

२/
महायुद्धात तुर्कस्तान उतरताच हिंदुस्थानातून एक फौज इराणी आखाताकडे निघाली. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा तिच्या ताब्यात आले. आखातातील तेलाचे मार्ग आणि हिंदुस्थानकडे येणारी जलवाट राखणे हा तिचा हेतू होता. या फौजेतील बहुसंख्य शिपाई हिंदी होते. त्यात ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या दोन पलटणी होत्या. दोन्ही पलटणींच्या नावावर पुढे ‘शैबा’ हा रणसन्मान लागला. कोकण, सातारा, कोल्हापूर आणि देशावरच्या गावांतून अशा पलटणींची भरती होत असे.

३/
पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला धूळ नवी नव्हती. चैत्र-वैशाखात बैलगाडीच्या चाकोरीत साठणारा फुफाटा, वळवाच्या आधी उठणारी वावटळ, कुस्तीच्या हौद्यातील तांबडी माती, जोतिबाच्या यात्रेत आभाळ गुलाबी करणारा गुलाल : हवेत उडणाऱ्या कणांशी त्याचा रोजचा संबंध होता. पण कोल्हापुरात डोंगर आहेत, उसाचे फड आहेत, झाडी आहे. वारा अडतो आणि धुरळा बसतो. शैबाच्या माळावर वाऱ्याला अडवणारे काही नव्हते. तिथे जमीन आणि आभाळ यांच्यामधली रेघसुद्धा दुपारी विरघळून जाई.

४/
आता रणभूमी पाहू. त्या वसंतात नद्यांना पूर आला होता आणि बसरा व शैबा यांच्यामधला सखल भाग पाण्याखाली गेला होता. कुमक पाठवायची तर ती ‘बेलम’ नावाच्या अरुंद होड्यांतून, पाणी तुडवत पाठवावी लागे. ठाण्याच्या एका अंगाला पूर आणि दुसऱ्या अंगाला कोरडे वाळवंट, अशी ही विचित्र जागा होती. तुर्की सेनापती सुलेमान अस्करी याच्याकडे काही हजार कवायती सैनिक आणि त्याहून कितीतरी अधिक अरब व कुर्द टोळीवाले होते. अस्करी आधीच्या चकमकीत जखमी झाला होता, तरी त्याने नेतृत्व सोडले नव्हते.

५/
१२ एप्रिलला तुर्कांनी शैबावर हल्ला चढवला. तो परतवला गेला. पाणी ओलांडून आलेला मेजर जनरल चार्ल्स मेलिस याने सूत्रे हाती घेतली. आफ्रिकेतील अशांटी मोहिमेत १९०० साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हा माणूस बचावावर थांबणारा नव्हता. १४ तारखेला त्याने फौज बाहेर काढली आणि बरजिसियाच्या झाडीकडे कूच केले. तुर्की खंदक नेमके कुठे आहेत हे दिसत नव्हते. उन्हाने तापलेल्या जमिनीवर मृगजळ पसरले होते. तोफखान्याला लक्ष्य सापडेना, आणि पायदळाला गोळी कुठून येते ते कळेना.

६/
मृगजळ हा डोळ्यांचा भ्रम नाही. तो हवेचा गुण आहे. उन्हाने जमीन भाजते, तिला चिकटून असलेला हवेचा पातळ थर फार तापतो आणि विरळ होतो. वरची हवा त्यामानाने थंड आणि दाट राहते. दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाशकिरण या तापलेल्या थरापाशी वरच्या बाजूला वळतो. त्यामुळे जमिनीच्या जागी आभाळाचा तुकडा दिसतो आणि डोळा त्याला पाणी समजतो. दूरच्या माणसाचे पाय दिसेनासे होतात, धड लांबते, कधी तुटते. खंदक तर जमिनीच्याच पातळीवर असतो. म्हणून तो सर्वांत आधी नाहीसा होतो.

७/
दुपार कलली तेव्हा हानी वाढली होती, पाणी आणि दारूगोळा संपत आला होता. घायाळांना आणण्यासाठी मागच्या ठाण्याकडून गाड्या मागवण्यात आल्या. खेचरे जुंपलेल्या त्या गाड्या माळावरून निघाल्या आणि त्यांच्या मागे धुळीचा मोठा लोट उठला. तुर्की बाजूने तो पाहणाऱ्यांना वाटले की ताज्या दमाची फौज येत आहे, अशी कथा ब्रिटिश लेखनात पुन्हा पुन्हा सांगितली गेली. त्याच सुमाराला डॉर्सेट पलटण आणि तिच्या बाजूच्या हिंदी पलटणी संगिनी रोखून उठल्या. खंदक पडले आणि तुर्की फळी मोडली.

८/
पराभवानंतर अस्करीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ब्रिटिश-हिंदी बाजूचे हजाराहून अधिक लोक मृत वा जखमी झाले; तुर्कांची हानी त्याहून मोठी होती. बसरा पुन्हा घेण्याचा तुर्कांचा हा मोठा प्रयत्न फसला आणि ब्रिटिशांना बगदादच्या दिशेने पुढे सरकण्याचा मोह झाला. कूटच्या वेढ्याकडे नेणारी वाट इथूनच सुरू झाली. लढाई तीन दिवसांची असली तरी तिच्या परिणामांचा पल्ला मोठा होता, म्हणून ‘धुळीने लढाई जिंकली’ हे विधान नीट तपासणे आवश्यक ठरते.

९/
मराठीत ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ म्हणजे फसवणे. शैबात कोणी मुद्दाम धूळ फेकली नव्हती. तरीही फसगत झाली असेल, तर ती शक्य कशी झाली? मृगजळाने जमिनीलगतचा भाग झाकलेला होता; लोटाच्या तळाशी खेचरगाड्या आहेत की पलटण, हे दिसणे शक्य नव्हते. मृगजळाच्या थराच्या वर मात्र धुळीचा माथा स्पष्ट दिसत होता. म्हणजे पाहणाऱ्याला परिणाम दिसत होता आणि कारण झाकलेले होते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा धुरळा उचलून धरत होती, त्यामुळे थोड्या गाड्यांचा लोटही मोठा भासावा, हे सुसंगत वाटते.

१०/
इथे एक जुना प्रश्न पुढे येतो : वारा धूळ उडवतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण उडालेली धूळ वाऱ्याचे काय करते? हिंदुस्थानातील धुळीच्या वादळांकडे शास्त्रीय नजरेने पाहणाऱ्या आरंभीच्या माणसांत पी. एफ. एच. बॅडली हा लष्करी शल्यवैद्य होता. १८४७च्या सुमारास लाहोरात त्याने वावटळींचा आणि वादळांतील विजेचा अभ्यास केला आणि १८६० साली हिंदुस्थानातील वावटळी व धूळवादळे यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. धुळीचे कण एकमेकांवर घासून विद्युतभारित होतात. धुळीचे वादळ ही केवळ मळकी हवा नसते, हे त्याच्या निरीक्षणांतून पुढे आले.

११/
जमिनीलगतच्या हवेच्या अभ्यासात पुण्याचे नाव मोठे आहे. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या इमारतीला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिथे एल. ए. रामदास यांनी १९३२पासून कृषी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. पिकाच्या दृष्टीने महत्त्वाची हवा म्हणजे जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतची हवा, हे त्यांनी ओळखले होते. तापलेल्या जमिनीवर थरथरणारा जो थर मृगजळ दाखवतो, त्याच्या तापमानातील तीव्र उताराचा अभ्यास रामदास आणि एस. एल. मालूरकर यांनी याच काळात केला.

१२/
रामदास यांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून असावी, असे पुस्तके सांगत होती. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ साली दाखवले की ती जमिनीच्या काही सेंटिमीटर ते काही दशक सेंटिमीटर वर असते. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी यावर बराच काळ विश्वास ठेवला नाही. मोजमापातच काही चूक असावी, असे त्यांना वाटले. १९५०च्या दशकात क्लाउस राश्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच काळजीपूर्वक मोजणी केली, तेव्हा शंका मावळली. आज या थराला ‘रामदास थर’ म्हणतात.

१३/
रामदास थराचे कारण शोधण्यात पुढची अनेक दशके गेली. रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा सिद्धांत मांडला. नंतर बंगळुरूच्या के. आर. श्रीनिवास यांच्या गटाने प्रयोग करून जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवले. हे कण उष्णता बाहेर टाकून आपल्या भोवतीची हवा थंड करतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या हवेतही धुळीचा अंश असतो आणि तो तापमानाची रचना बदलू शकतो. तापमानाची रचना बदलली की हवेची खळबळही बदलते.

१४/
या खळबळीला शास्त्रात ‘संक्षोभ’ म्हणतात. वारा सरळ रेषेत वाहत नाही. त्यात लहानमोठे असंख्य भोवरे असतात. मोठे भोवरे मोडून लहान होतात, लहान आणखी लहान होतात, आणि शेवटी त्यांची ऊर्जा उष्णतेत विरते. जमिनीपाशी घर्षणामुळे वारा मंदावतो, वर जावे तसा वाढतो. ओलावा, उष्णता आणि धूळ वर-खाली वाहून नेण्याचे काम हे भोवरेच करतात. भोवरे नसते तर उडालेला धुरळा जागच्या जागी बसला असता, आणि शैबाच्या माळावर आभाळात लोट चढलाच नसता.

१५/
वाळूच्या भौतिकीचा पाया घातला तो राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने. शैबा लढले गेले त्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये होता. पुढे ईजिप्तमध्ये आणि हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर त्याची नेमणूक झाली. लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन केलेल्या मोहिमांनी त्याला वाळूच्या टेकड्यांचे वेड लावले. निवृत्तीनंतर १९३०च्या दशकात त्याने लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वातबोगदा उभारून वाळू आणि वारा यांचे नाते मोजले. १९४१ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा दुसरे महायुद्ध पेटले होते आणि त्याने स्थापलेले वाळवंटी गस्तीदल उत्तर आफ्रिकेत शत्रूच्या मागे फिरत होते.

१६/
बॅग्नोल्डने कणांच्या तीन चाली वेगळ्या केल्या. जाड कण जमिनीवर सरपटतात. मध्यम कण उड्या मारत पुढे जातात : वारा कणाला उचलतो, पुढे फेकतो, कण आदळतो आणि आदळताना आणखी कण उडवतो. बारीक धूळ मात्र उड्या न मारता तरंगतच राहते. म्हणूनच खऱ्या वाळूच्या प्रदेशात जोराचा वारा सुटला तरी वाळूचा गालिचा कमरेखालीच धावतो आणि उंच माणसाचे डोके बऱ्याचदा मोकळ्या हवेत राहते. डोक्यावर आभाळ झाकणारे वादळ हे वाळूचे कमी आणि धुळीचे जास्त असते.

१७/
आकडे हा फरक स्पष्ट करतात. वाळूचा कण हवेच्या सुमारे दोन हजार पट घन असतो. ०.२ मिलिमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाने खाली येतो. त्याच पदार्थाचा ०.०१ मिलिमीटर व्यासाचा कण सेकंदाला एक सेंटिमीटरही उतरत नाही. दहा मीटर उंचीवरून पहिला दहा सेकंदांच्या आत जमिनीला लागेल. दुसऱ्याला वीस मिनिटे लागतील, आणि तेही हवा स्थिर असेल तर. कुस्तीच्या हौद्यात मूठभर तांबडी माती उधळली तर खडे लगेच पडतात आणि बारीक लालसर धूर रेंगाळतो, तोच हा नियम.

१८/
पण बॅग्नोल्डचा खरा शोध पुढचा होता. उडणारी वाळू वाऱ्याला आवर घालते. प्रत्येक कण वाऱ्याकडून गती घेतो आणि जमिनीवर आदळून ती गमावतो. म्हणजे वारा सतत कर भरत असतो. वातबोगद्यात त्याला दिसले की वाळू उडू लागल्यावर जमिनीच्या सुमारे तीन मिलिमीटर वर एक बिंदू असा येतो, जिथे वारा कितीही वाढवला तरी त्याचा वेग तेवढाच राहतो. वरचा वारा वाढतो, पण त्या बिंदूखालचा वाढत नाही, उलट घटतो. पी. आर. ओवेन यांनी १९६४ साली याची गणिती मांडणी केली : वरच्या वाऱ्याच्या दृष्टीने उड्या मारणाऱ्या कणांचा थर म्हणजे एक अधिक खडबडीत जमीनच.

१९/
तरंगणाऱ्या बारीक धुळीचे गणित निराळे आहे. ती खाली पडू पाहते आणि भोवरे तिला वर धरून ठेवतात. या कामात भोवऱ्यांची ऊर्जा खर्च होते. शिवाय खाली दाट धूळ आणि वर विरळ, अशी रचना झाली की खालचा थर जड होतो आणि भोवऱ्यांना वर उठणे कठीण जाते. व्हितो व्हॅनोनी यांनी १९४६ साली गाळ वाहणाऱ्या पाण्यात अशाच तऱ्हेचा बदल दाखवला होता. १९७४ साली बारेनब्लाट आणि गोलित्सिन या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो विचार धूळवादळांना लावला : भोवरे दबले की घर्षणही कमी होते आणि वादळाचा वारा अधिक वेगाने धावू शकतो.

२०/
मग धूळ संक्षोभ वाढवते की दाबते? उत्तर कणाच्या आकारावर, त्यांच्या दाटीवर आणि उंचीवर अवलंबून आहे. १९८९ साली गोर आणि क्रो यांनी नळ्यांतील व धारांतील अनेक प्रयोग एकत्र करून एक ठोकताळा मांडला : कणाचा व्यास मोठ्या भोवऱ्याच्या सुमारे एक दशांशाहून कमी असेल तर खळबळ दबते, अधिक असेल तर कणांच्या मागे उठणाऱ्या नव्या भोवऱ्यांमुळे ती वाढते. मोकळ्या मैदानात गोष्ट आणखी गुंतते. दिवसा धूळ सूर्यप्रकाश अडवून जमीन थोडी थंड ठेवते आणि उष्णतेने उठणारे भोवरे मंदावते. जमिनीलगत उड्या मारणारे कण मात्र वेगळाच गोंधळ माजवतात.

२१/
म्हणून हा प्रश्न खोलीत सुटत नाही. भारतात १९९० साली झालेल्या ‘माँटब्लेक्स’ मोहिमेत जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर येथे तीस मीटरचे मनोरे उभारून जमिनीलगतच्या वाऱ्याचे भोवरे मोजले गेले; जोधपूरच्या मनोऱ्याशेजारी थरचे वाळवंट होते. त्याआधी १९८० साली जोसेफ, रायपाल आणि डेका यांनी ‘मौसम’ या नियतकालिकात उत्तर भारतातील ‘आँधी’चे वर्णन करून ती गडगडाटी ढगांतून कोसळणाऱ्या थंड हवेशी जोडली. चीनच्या कान्सू प्रांतात चिंगतू सरोवराच्या कोरड्या पात्रावर ३२ मीटरचा मनोरा वारा, धुळीची दाटी आणि विद्युतक्षेत्र एकाच वेळी मोजतो.

२२/
आता शैबाकडे परत येऊ. या शास्त्राने १४ एप्रिलच्या धुळीच्या लोटाचे मोजमाप देता येत नाही. कोणी मनोरा उभारला नव्हता. पण दोन गोष्टी त्याने स्पष्ट होतात. एक, त्या दिवशीची हवा केवळ पार्श्वभूमी नव्हती. तापलेली जमीन, तिच्यावरचा थरथरता थर, त्यातून चढणारी बारीक धूळ, हे लढाईचे घटक होते आणि त्यांचे नियम ठरलेले आहेत. दोन, नियम असलेल्या गोष्टीला चमत्कार म्हणता येत नाही. ‘चमत्कार’ हा शब्द वापरला की शोध तिथेच थांबतो.

२३/
त्या शब्दाने दुसरेही एक नुकसान केले. सगळे श्रेय धुळीला दिले की संगीन रोखून मोकळ्या माळावरून चालत गेलेली माणसे नजरेआड होतात. धुळीने फार तर शत्रूच्या मनात शंका पेरली. खंदकात उतरले ते शिपाई. ब्रिटिश वर्णनांत मेलिसचे मन, त्याचा निर्णय, त्याची घालमेल तपशिलाने येते. त्याच दिवशी तहानलेल्या ओठांनी गोळीबारात पडून राहिलेल्या मराठा शिपायाला काय दिसत होते, हे त्या लेखनात नाही. ज्याच्या पुढ्यात मृगजळ होते, त्याची साक्षच या इतिहासात येत नाही.

२४/
त्या शिपायांचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. ११० वी आणि ११७ वी, आणि त्यांच्याबरोबर १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, याच फौजेबरोबर टायग्रिसच्या काठाने बगदादकडे गेल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे फौज अडली आणि मागे फिरून कूट येथे वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट शरण गेले. शैबाला आणि कूटच्या शरणागतीला अवघ्या एका वर्षाचे अंतर आहे. बंदिवानांना वाळवंटातून चालवत नेण्यात आले आणि त्यातील अनेक परतले नाहीत. तिथे कोणतीही धूळ त्यांच्या मदतीस आली नाही.

२५/
घरी त्यांची आठवण कोणी ठेवली? कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज मराठा तरुणांच्या सैन्यभरतीचे पुरस्कर्ते होते, आणि युद्धात पडलेल्या मराठ्यांचे स्मारक व्हावे यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. नोव्हेंबर १९२१ मध्ये पुण्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते मराठा युद्धस्मारकाची आणि शिवस्मारकाची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, महाराजांचे निधन झाले. त्याच वर्षी लष्कराच्या पुनर्रचनेत जुन्या पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका छत्राखाली आल्या. मेसोपोटेमियातील कामगिरीसाठी ‘रॉयल’ ही पदवी मिळालेली ११७ वी तिची पाचवी पलटण झाली.

२६/
वीस वर्षांनी वाळवंट पुन्हा समोर आले. याच रेजिमेंटची दुसरी पलटण, ‘काळी पाचवी’, जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुकच्या बचावात होती आणि शहर पडले तेव्हा कैद झाली. बॅग्नोल्डचा ग्रंथ तेव्हा वर्षभराचा होता. ज्या वाळूचे नियम लंडनच्या प्रयोगशाळेत मांडले गेले, ती वाळू कोल्हापूर-साताऱ्याकडची पोरे तोंडावर पागोट्याचा शेव गुंडाळून झेलत होती. एकाच वाऱ्याचे ज्ञान आणि त्याच वाऱ्याचा अनुभव, दोन वेगळ्या माणसांच्या वाट्याला आला. पहिले छापले गेले, दुसरे बहुतांशी विरून गेले.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यातून एक कामाची गोष्ट निघते. लढाईचे वर्णन वाचताना फौजांचे आकडे आणि सेनापतींची नावे यांबरोबर तीन प्रश्न विचारावेत : त्या दिवशी जमीन कशी होती, हवा कशी होती, आणि कोणाला काय दिसत होते? बखरीत ‘धुरळा उठला’ असे आले तर ते अलंकार म्हणून सोडून देऊ नये. धुरळ्याची उंची, रंग आणि चाल यांवरून जुने स्वार फौज किती आणि कोणती हे ताडत असत. शैबात तेच जुने शास्त्र, मृगजळामुळे, एका पक्षाला चुकीचे उत्तर देऊन गेले.

२८/
कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गावागावांत आजही माजी सैनिकांची घरे आहेत. त्यांतल्या कित्येक घरांत पणजोबांच्या वेळची पदके पेटीच्या तळाशी असू शकतात. ब्रिटिश पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. तिथे ११० किंवा ११७ हा आकडा दिसला, तर तो माणूस शैबाच्या माळावर असण्याची शक्यता आहे. धुळीचे शास्त्र प्रयोगशाळांतून लिहिले जाईल. त्या धुळीत कोण होते, हे मात्र अशा पेट्या उघडूनच लिहावे लागेल.